तासणीचा दांडा

माझा मोठा भाऊ धम्मपाल दिसायला अगदी आमच्या बाबांसारखा. तीच उंची, तेच रुंद पंजे, चालताना तोच खांदा पुढे. या गोष्टीचा त्याला भारी अभिमान, आणि त्या अभिमानापायीच त्याचं घर गेलं. हे मी खुशीत सांगतेय असं कुणाला वाटलं तर वाटू दे. समजूतदारपणा करून करून मी कंटाळलेय.

घर म्हणजे डिंडोलीतलं आमचं. खाली दोन खोल्या, वर एक. बाबा, म्हणजे भगवंत मिस्त्री, अमळनेरकडून मिलच्या कामासाठी सुरतेत आले. मिलच्या दारात उभं राहून राहून वैतागले आणि तापीकाठी लाकडी गलबतं बांधायच्या गोदीत शिरले. हातात सुतारकाम होतंच. पुढे तिथलेच मोठे मिस्त्री झाले. ती गोदी केव्हाच बंद झाली, पण कुणी विचारलं तर बाबा शेवटपर्यंत सांगायचे, "मी गोदीवाला." हे घरही त्यांनी गोदीतल्या उरल्यासुरल्या सागातून उभं केलं.

मी विशाखा, मधली. नवऱ्याचं घर सोडून इथे आले त्याला जमाना झाला. पुढच्या खोलीत साड्यांना टिकल्या आणि लेस लावायचं माझं काम चालतं, गल्लीतल्या बायका येऊन बसतात. आई गेल्यावर बाबांचं खाणंपिणं, दवाखाना, रात्रीची उठबस, सगळं मी केलं. दादा सुरतेबाहेर सचिन गावात फ्लॅटमध्ये राहायचा, धाकटा राकेश भेस्तानला. दोघे सणावाराला यायचे, बाबांना मध्ये बसवून फोटो काढायचे आणि जेवून जायचे.

बाबांनी वकिलाकडे रीतसर मृत्युपत्र केलं, आणि त्यात काय आहे ते आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलंही. गावची जमीन दोघा मुलांना, निम्मी निम्मी. घर मात्र हत्याराबरोबर जाणार. "माझी तासणी ज्याची ठरेल, घर त्याचं. ठरवील हिलाल."

हिलालकाका हे गोदीचे मुकादम, बाबांचे जन्माचे दोस्त. आणि तासणी म्हणजे आडव्या पात्याचं, लाकूड तासायचं हत्यार. गोदीत सगळ्यांच्या तासण्या एकाच लोहाराकडच्या, त्यामुळे पाती सारखी. दांडा मात्र जो तो आपल्या हाताच्या मापानं घडवायचा. 'ही माझी, ती तुझी' असं भांडण लागलं की मुकादम दांड्याचं टोक कोपराला टेकवून बघायचा. पातं बरोबर मुठीशी आलं की हत्यार त्या माणसाचं. मग पुढे कुणी तोंड उघडत नसे.

दादाला ही रीत लहानपणापासून ठाऊक होती. तो खो खो हसला. "म्हणजे झालंच की! बाबांची तासणी बाबांच्या मापाची, अन् बाबांचं माप म्हणजे माझं माप. मंजूर, बाबा. हिलालकाका म्हणतील ते मला मंजूर." राकेशला जमिनीशी मतलब होता, त्यानंही मान हलवली. मला कुणी विचारलं नाही. मी आत जाऊन कुकरची शिट्टी व्हायच्या आतच गॅस बंद केला.

रात्री मी बाबांना म्हटलं, "द्यायचंच होतं तर सरळ दादाच्या नावानं लिहायचं. ही नाटकं कशाला?"

"हत्यार सांगीन," ते म्हणाले. "आपण कशाले बोलानं?"

मी फणकारले. मला वाईट वाटलं होतं, खूप वाईट वाटलं होतं, पण ते त्यांना दाखवायची माझी तयारी नव्हती.

त्यानंतरचं त्यांचं शेवटचं वर्ष मला फार जड गेलं. बाबांचा तोल जायचा. मी चहा द्यायला गेले की माझं डावं कोपर घट्ट धरायचे आणि दुसरा हात माझ्या मुठीपर्यंत सरकवत आणायचे. "बाबा, सोडा, चहा सांडेल," मी ओरडायचे. दुपारभर मागच्या दारात बसून काचेच्या तुकड्यानं कसलंसं लाकूड खरवडायचे आणि भुसा मी झाडायचा. पुढच्या दाराच्या उंबऱ्याला मध्येच एक उंचवटा होता, येणारा प्रत्येक जण त्याला ठेचकाळायचा. म्हटलं, एवढे खरवडता तर तो उंबरा तरी तासा. तर म्हणे, "घरना धनी तासीन."

म्हणजे दादा तासणार, आणि तोवर मी ठेचा खायच्या.

बाबा गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक जेवून पांगले, आणि दादा स्वतः गाडी घेऊन हिलालकाकांना आणायला गेला. तेवढ्यात सुषमावहिनी, दादाची बायको, पुढच्या खोलीत फिरून आली आणि गोड आवाजात म्हणाली, "ताई, ही टिकल्यांची पोती कधी हलवणार?"

"ठरलं की हलवते," मी म्हटलं. पलीकडच्या सोसायटीत मी भाड्याची खोली बघून ठेवली होती. हातात काम असलेल्या बाईला सुरत उपाशी ठेवत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण ज्या भिंतीला टेकून बाबा बसायचे ती भिंत आता दुसऱ्याची होणार होती.

हिलालकाका आले. उंबऱ्याला ठेचकाळले, शिवी घातली, बाबांच्या फोटोला जयभीम केला आणि खाटेवर बसले.

"ती तासणी आठे लई ये," ते म्हणाले.

बाबांच्या पेटीतून दादानंच तासणी काढली. शर्टाची बाही वर केली आणि उजवा हात पुढे केला, जणू हातात घड्याळ बांधून घ्यायचंय. काकांनी दांड्याचं टोक त्याच्या कोपराला टेकवलं.

पातं मुठीच्या चार बोटं अलीकडेच थांबलं.

"पुन्हा बघा," दादा म्हणाला. काकांनी पुन्हा बघितलं. दांडा वाढला नाही.

"तुनी नही शे."

राकेश पुढे झाला. त्यालाही आखूड. "तुनीबी नही. विशाखा, तू ये. डावा हात दे."

मी डावरी आहे. त्यावरून आईनं मला लहानपणी पुष्कळ मारलं, बाबांनी कधी नाही. मी डावा हात पुढे केला. टोक कोपराला लागलं आणि पातं येऊन थेट मुठीशी थांबलं. काकांनी दांडा माझ्या हातात दिला. त्यावर अंगठ्यापुरता एक खळगा कोरलेला होता, आणि तो डाव्या हाताच्या बाजूला होता. माझा अंगठा आपोआप त्यात जाऊन बसला.

दादा उसळला. "दांडा बदललाय! बाबांचा दांडा लांब होता, मी पाहिलाय. हिनंच बदलला! सगळी चालाकी आहे ही!"

"मला खिळा ठोकता येत नाही सरळ," मी म्हटलं, "अन् मी दांडा घडवणार?"

काकांनी तासणी उलटी करून डोळ्यांजवळ नेली. दांडा पात्यात घट्ट बसावा म्हणून वरून लाकडाची पाचर मारतात. सगळे मिस्त्री एक मारतात, बाबा दोन मारायचे, एकमेकींना तिरप्या. काकांनी पाचरीवरून बोट फिरवलं.

"हाई पाचर भगवंतनी शे. मी आंधळा व्हयनू तरी वळखसू." मग दादाकडे वळून म्हणाले, "दांडा बदलेल शे, बराबर. त्यानीच बदला. तू मोठा पोऱ्या, घर तिना नाववर लिखं व्हतं तर तू कोर्टात जाशी, हाई त्याले ठाऊक व्हतं. म्हनीसन तुना तोंडतून 'मंजूर' वदाडी लिधं. आते सांग, मंजूर शे का नही?"

दादानं राकेशकडे पाहिलं. राकेश मोबाईलमध्ये पाहत होता. वर केलेली बाही खाली ओढत दादा म्हणाला, "मंजूर."

आता सगळ्यांची नजर माझ्यावर. मला कळत होतं त्यांना काय हवंय ते. बहिणीनं डोळे पुसत 'नको रे दादा, तूच ठेव' म्हणायचं, आणि दादानं मोठ्या मनानं तिला मागची खोली द्यायची. मी तसं काही म्हटलं नाही. म्हटलं, "चहा टाकते. वहिनी, पोती राहू देत तिथंच."

चहा पिऊन दादा निघाला. जाताना उंबऱ्याला ठेचकाळला. मी हसले नाही, एवढं तरी माझ्या खात्यावर असू दे.

सगळे गेल्यावर मी उंबऱ्यापाशी बसले आणि तासणी उचलली. पहिला घाव वाकडा पडला, दुसरा जरा बरा. तिसऱ्याला पातं अलगद लाकडात शिरलं आणि सागाची पातळ ढलपी उडून माझ्या मांडीवर पडली. दांड्याचं टोक कोपराला हलकेच लागलं, बरोबर तिथं, जिथं बाबा चहाच्या वेळी घट्ट धरायचे. कोपर एका हातानं धरायचे आणि दुसरा हात मुठीपर्यंत सरकवत आणायचे. वर्षभर, रोज, माप पुन्हा पुन्हा पडताळत, आणि मी चहा सांडेल म्हणून ओरडत होते.

मी तिथंच बसून मोठ्यानं रडले. मग नाक पुसलं आणि उरलेला उंबरा तासला.