गाडीचा ताप आणि सुनेचा पायगुण

माझ्या थोरल्याची तक्रार मी कुणाकडे करू? पदवीची चौकट दिवाणखान्यात लावलीये, तिच्यावरची धूळ आठवड्याला मी पुसते, आणि हा पदवीधर भर दुपारी स्वतःच्या गाडीच्या बॉनेटसमोर हात जोडून उभा! डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. परीक्षेलाही एवढ्या भक्तीने बसला नव्हता.

एकटाच असता तर कान धरून घरी आणला असता. पण पेट्रोलपंपामागच्या मैदानात दीडशे माणूस जमलं होतं. सगळ्यांच्या गाड्या तापायच्या आणि सगळ्यांना शीतलबाबा हवा होता. हा बाबा औषध देत नाही, हात बघत नाही. फक्त तापलेली इंजिनं गार करतो. पांढरे कपडे, खांद्यावर ओला टॉवेल, आणि आवाज असा की रेडिओवरच्या बातम्याही त्याच्यापुढे लाजतील.

"इंजिन तापत नसतं, बेटा," तो माझ्या मुलाला म्हणाला, "इंजिनाला कुणाचा तरी ताप होत असतो. गाडीत कोण बसलं की तापाचा काटा चढतो?"

थोरल्याने मान खाली घातली. "बायको बसली की, बाबा. आईला मावशीकडे नेतो तेव्हा काही होत नाही. हिला कामावर सोडायला निघालो की दुसऱ्या सिग्नलला वाफ."

"उष्ण पायगुण!" बाबा गरजला. "बसवा तिला."

माझी सून दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. शब्द जपून वापरणारी पोरगी. ती आमच्यासोबतच आली होती. दीडशे लोकांसमोर तिला गाडीत बसवलं, इंजिन चालू केलं आणि सगळे काट्याकडे बघत राहिले. गाडी जागच्या जागी घरघरत होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काटा मधोमध होता तो चढत चढत लाल पट्ट्याला जाऊन टेकला. गर्दीतून "अरे बापरे!" निघालं.

"उतरवा!" बाबा म्हणाला. ती उतरली. बायका दोन पावलं मागे सरकल्या. तिने ते पाहिलं. तिने पाहिलं हे मी पाहिलं.

मग बाबा स्वतः आत बसला. मला आणि थोरल्याला मागे बसवलं. "काचा वर! गाडीचा ताप आता अंगावर घ्यायचा." ओला टॉवेल त्याने डॅशबोर्डवर पसरला, हात टॉवेलखाली घातला आणि जप सुरू केला. दोन मिनिटांत समोरून असा गरम वारा सुटला की माझी पाठ भिजली. आणि काटा? उतरायला लागला! लाल पट्टा सोडून हळूहळू खाली. बाहेर लोकांनी टाळ्या पिटल्या. गर्दीतला एक छापखानेवाला तर रडायलाच लागला; त्याची गाडी पुढच्या नंबरावर होती.

खोटं कशाला लिहू, क्षणभर माझ्याही मनात पाल चुकचुकली. डोळ्यांदेखत चढलं आणि डोळ्यांदेखत उतरलं की माणूस डोकं गहाण ठेवतो. माझंही ठेवलं गेलं, पण घरी पोचेपर्यंत मी सोडवून आणलं.

घरी थोरला बायकोला म्हणाला, "थोडे दिवस माहेरी राहा. बाबा म्हणतात, तीन महिने तू गाडीपासून आणि या घरापासून लांब हवीस."

"घरापासून कशाला?" मी विचारलं.

"आई, गाडी रात्री घराशीच उभी असते ना!"

सून आत गेली आणि बॅग भरायला लागली. रडली असती तर मी समजूत घातली असती. ती घड्या घालत होती, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मी दारात बसले.

"काय गं, तुझ्या प्रयोगशाळेत एकदा तपासून आजार ठरवतात?"

"नाही आई. शंका असली की पुन्हा तपासतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही."

एकच गोष्ट बदलायची. चौथीत मला बाईंनी हे शिकवलं असतं तर मी पाचवीत गेले असते.

"तुला सोडायला तो कुठल्या रस्त्याने नेतो?"

"बाजारातून. तीन सिग्नल, सगळे तुंबलेले."

"आणि मला मावशीकडे?"

तिचे हात थांबले. "मोकळ्या रस्त्याने."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थोरल्याला म्हटलं, "आज हिच्या जागी मी बसते. चल बाजारातून." दुसऱ्या सिग्नलला काटा लाल. थोरल्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वाफ सोडली.

"आई, तुझाही पायगुण..."

"तोंड सांभाळ. त्याच पायांवर उभी राहून तुला वाढवलाय."

गाडी गार होऊ दिली, घरी आलो, सुनेला बसवलं आणि मोकळ्या रस्त्याने तासभर हिंडवलं. काटा मधोमध, शहाण्यासारखा बसून. थोरला गप्प. पण गप्प झाला म्हणजे पटलं असं नसतं. माझ्या नवऱ्यालाही मी चाळीस वर्षं गप्प बघितलाय.

म्हणून चार वाजता पुन्हा मैदानात गेलो. वाटेत गॅरेजच्या मिस्त्रींना घेतलं. सून भरलेली बॅग घेऊन फाटकाशीच थांबली.

"माई, आणलात का पुन्हा ताप?" बाबा हसला.

"आज ताप मी काढते," मी म्हटलं. गाडी जागेवर चालू ठेवली. सून पन्नास पावलांवर, गाडीत मी आणि थोरला. तरीही काटा चढला!

बाबा म्हणाला, "तिची सावली पोचतेय."

"सावली पलीकडे पडलीये. ऊन कुठून येतंय तेवढं तरी बघा."

लोक हसले. मी काचा वर घेतल्या, काल बाबाचा हात टॉवेलखाली जिथे गेला होता तिथलं बटण निळ्या खुणेवरून लाल खुणेवर फिरवलं, वारा पूर्ण सोडला, आणि तीस वर्षं चालवलेल्या लाँड्रीचा जप मोठ्याने म्हटला, "शर्ट, कोट, चादर, पडदा! शर्ट, कोट, चादर, पडदा!" गरम झोत सुटला. काटा उतरला.

"कपड्यांच्या नावांतही शक्ती असते, माई," बाबा अजून हार मानत नव्हता.

"मग तुम्ही माझ्याकडे इस्त्रीला या."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि लोकांना जवळ बोलावलं. "इंजिनात पाणी फिरतं, तापतं, आणि पुढच्या रेडिएटरच्या जाळीत येऊन वाऱ्यावर निवतं. गाडी पळत असली की वारा आपोआप मिळतो. उभी असली की हा पंखा तो देतो. बघा, फिरतोय का?"

पंखा ढिम्म होता.

"आणि हीटर लावला की तेच गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत जातं. इंजिनाचा ताप आत बसलेल्यांच्या अंगावर येतो, काटा उतरतो. रोग मात्र तसाच."

माझ्या डोक्यात लख्ख झालं. लाँड्रीत कपडे वाळवायच्या मशीनचा पंखा अडकला की ते असंच तापायचं, आणि मी खिडकी उघडून वेळ मारून न्यायचे. त्यासाठी मला कुणी माता म्हटलं नव्हतं.

मिस्त्रींना एक कुजलेली वायर सापडली. ती बदलली आणि पंखा भर्रकन सुटला. काटा मधोमध येऊन थांबला, जपाशिवाय.

"बाबांना विचारा," मिस्त्री हात पुसत म्हणाले, "त्यांची जीप माझ्याकडेच येते. गेल्या महिन्यात पंखाच बदलून नेला. जप करायला वेळ नव्हता म्हणाले."

बाबा जीपकडे निघाला होता. टॉवेल तिथेच पडला. छापखानेवाल्याने तो उचलला, क्षणभर बघितला, आणि गाडीची काच पुसायला घेतला.

मी जमलेल्यांना एवढंच म्हटलं, गाडी तापली तर बाजूला घ्या, बंद करा, निवल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका, आणि मिस्त्रीला दाखवा. घरातल्या माणसाकडे बोट दाखवू नका. यंत्राला बायको कळत नाही, त्याला पाणी आणि वारा कळतो. कारण सापडत नसेल तर 'सापडलं नाही' म्हणा, कुणाच्या तरी पायांवर ढकलू नका.

लोक माना डोलवत होते. थोरला माझ्याजवळ आला, चेहरा पडलेला. "चुकलं आई. चल, घरी जाऊ. तू हिला म्हण, बॅग सोड."

फाटकाशी सून उभी होती. बॅग तिच्या हातातच होती.

"मी का म्हणू?" मी त्याला म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पंखा गाडीचा बंद होता, डोकं तुझं. पंखा मिस्त्रींनी जोडला. ज्या लोकांसमोर तिला उतरवलंस, त्याच लोकांसमोर जा, माफी माग, आणि दार उघडून धर. बसली तर तुझं नशीब. नाही बसली तर किल्ली तिच्या हातात दे आणि तू घरी चालत ये. चालताना वारा लागेल, डोकं निवेल."