पाच इंच पांढरा, तीन इंच काळा

मित्रांनो, मी एक गिरमिट आहे. सुताराचे नव्हे, गोठलेल्या तळ्याला भोक पाडणारे. खाली दोन पाती, मध्ये पिळदार अंग आणि वर फिरवायचा दांडा. वय झाले आहे आणि खरे सांगायचे तर मी भित्रा आहे. ज्याने जन्मभर बर्फाची जाडी मोजली, तो भित्राच होतो.

उत्तर मिनेसोटातल्या एका लोखंडाच्या खाणीत लोहारखाना होता. तिथल्या सारेला नावाच्या लोहाराने मला आपल्या दोन मुलींसाठी घडवले. थोरली आयनो, धाकटी लेम्पी. पुढे आयनोने खाणीतल्या टोर्वाल्ड नावाच्या भूगर्भतज्ज्ञाशी लग्न केले. लेम्पी गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवू लागली. तिने लग्न केले नाही. वर्गातली तीस पोरे पुरेत, असे ती म्हणे. दोन्ही घरे तळ्याच्या काठाला, एकीच्या खिडकीतून दुसरे दिसेल अशी.

आमच्याकडे नोव्हेंबरात तळ्यावर बर्फ धरतो. चार इंच बर्फ झाला की माणसे चालतात. बारा-पंधरा इंच झाला की गाड्या जातात, मागे लाकडी खोपी ओढत नेतात आणि लोक त्या खोपीत बसून मासे धरतात. तळ्यावर कधी जायचे आणि कधी नाही, ते सांगणे माझे काम. या कामात चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही.

टोर्वाल्ड आणि लेम्पी दोघेही शास्त्र शिकलेले. पृथ्वी तापते आहे की नाही, यावर त्यांचे कधी जमले नाही.

"तुझं घर ज्या खडकावर आहे ना, त्याच्यावर एके काळी मैलभर जाडीचा बर्फ होता," टोर्वाल्ड म्हणे. "तो काय माझ्या गाडीच्या धुरानं वितळला?"

"नाही. त्याला हजारो वर्षं लागली. तुला घाई झालीय."

"मी कोट्यवधी वर्षांत विचार करतो, मास्तरीणबाई."

"म्हणूनच तुला पुढची तीस दिसत नाहीत."

मला या वादाचा भारी त्रास होई. टोर्वाल्ड मला उत्तरेच्या सावलीत नेई, जिथे बर्फ हमखास जाड. लेम्पी नेई ओढ्याच्या तोंडाशी, जिथे तो हमखास पातळ. मग दोघेही आपापला आकडा दुसऱ्याच्या नाकासमोर नाचवत. शेवटी आयनो वैतागली. तिने माझा दांडा काढला आणि लेम्पीच्या स्वयंपाकघरात टांगला. पाती राहिली टोर्वाल्डच्या गॅरेजमध्ये.

"आता मोजायचं तर दोघांनी मिळून मोजा," ती म्हणाली, "नाहीतर मोजू नका."

तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली. दर एक जानेवारीला लेम्पी दांडा घेऊन येई. जुन्या धक्क्यासमोर, ठरलेल्या जागी, दोघे मिळून मला फिरवत. आकडा गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहीत, आणि भांडण त्यानंतर, माशाचे सूप आणि राय नावाच्या धान्याचा पाव समोर आल्यावर. पहिल्या वर्षी एकवीस इंच होते. मग एकोणीस, वीस, सतरा. मधूनच एखादे साल बावीस येई आणि टोर्वाल्ड दिवसभर शीळ घालत फिरे. मग पुन्हा सोळा, चौदा. मला मतांमधले काही कळत नाही, मला फक्त इंच कळतात. पण रात्रंदिवस त्या भिंतीसमोर उभे राहून मला भीती वाटू लागली होती.

मग आयनो गेली. आणि तिच्यानंतरच्या वसंतात गावच्या वर्तमानपत्रात एक पत्र छापून आले. 'आम्ही विज्ञानाचे पदवीधर' अशी सुरुवात, खाली एकतीस सह्या. हवामान बदलते आहे याची शास्त्रज्ञांमध्येच खात्री नाही, उगाच घाबरू नका, असा मजकूर. तिसरी सही टोर्वाल्डची होती.

लेम्पी ते पान घेऊन गॅरेजमध्ये आली.

"टोर, यात दोन दंतवैद्य आहेत. ते काय हवेचे दात काढणार?"

"आणि तू? लिटमस बुडवून बुडवून हवामानतज्ज्ञ झालीस?"

"नाही झाले. म्हणून तर जे आहेत त्यांचं वाचते. ते बहुतेक सगळे एकच सांगतायत."

"सगळे एक सांगायला लागले की मला शंका येते. खाणीत सगळे म्हणत होते, पश्चिमेला लोखंड नाही. कुणी शोधलं?"

ते खरे होते. त्यानेच शोधले होते आणि निम्म्या गावाने त्यावर वीस वर्षे पोट भरले. लेम्पीने तेवढ्यावर थांबायला हवे होते. ती म्हणाली, "आयनो असती तर तिला तुझी लाज वाटली असती."

टोर्वाल्डने गॅरेजचे दार खाली ओढले. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत दोघांत एक शब्द नाही. मी अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

त्या नोव्हेंबरात तळ्यावर तीन बोटे बर्फ धरला होता, तेवढ्यात हिम पडले, गुडघाभर. मित्रांनो, हिम बर्फावर गोधडीसारखे पसरते. खालच्या पाण्याला थंडी लागत नाही, बर्फ वाढत नाही. गोधडीच्या वजनाने बर्फ दबतो, फटींतून पाणी वर येते, हिमात मुरते आणि गोठते. तो झाला पांढरा बर्फ. दिसायला जाडजूड, पण काळ्या, पारदर्शक बर्फाच्या निम्म्या ताकदीचा. हे टोर्वाल्डला ठाऊक नव्हते असे नाही. त्यानेच ते आपल्या नातीला दहा वेळा सांगितले असेल.

ही नात म्हणजे सिरी, तेव्हा आठ वर्षांची. सुट्टीला आली होती आणि आजोबांनी तिला तळ्यावरच्या खोपीत सूप प्यायचे कबूल केले होते. वर्षाअखेरीस चार दिवस कडाक्याची थंडी पडली. एक जानेवारी उजाडला. मोजायचे तर दांडा हवा आणि दांडा हवा तर लेम्पीचे दार वाजवायला हवे. कुऱ्हाडीनेही भोक पडले असते. पण आपण घाबरून भोक पाडतो आहोत, हे तिला खिडकीतून दिसले असते.

"इतक्या वर्षांत या तारखेला गाडी गेली नाही असं झालं नाही," तो सिरीला म्हणाला. सवयीने त्याने मला गाडीच्या मागच्या भागात टाकले, खोपीची घसरगाडी जोडली आणि आम्ही निघालो.

तळ्यावर गाडी नेताना काचा खाली करतात आणि पट्टा सोडून ठेवतात. सिरीने विचारले, "आजोबा, रस्त्यावर तर तुम्ही पट्टा लावायला लावता?"

"इथे नाही लावायचा."

"का?"

टोर्वाल्डने तिच्या बाजूची काच आणखी खाली केली. खालून आवाज आला. चांगला, वाढणारा बर्फ लांबवर घुमतो. हा आवाज आखूड होता, ओला, अगदी चाकाखालचा. मी पत्र्यावर थरथरत होतो आणि दांड्यावाचून काहीच करू शकत नव्हतो. इतका असहाय मी कधी झालो नव्हतो.

इतक्यात समोरून हिम तुडवत लेम्पी आली. डोक्याला काही नाही, पायात घरातले बूट, हातात माझा दांडा. वीस पावलांवर उभी राहून तिने तो उंच धरला. गाडी थांबली.

"आलीस भाषण द्यायला?" टोर्वाल्ड खिडकीतून म्हणाला.

"भाषण नाही. दांडा आणलाय. सिरीला आधी माझ्याकडे पाठव. हळू चालत ये गं, माझ्या पावलांवर पाय देत."

सिरी गेली. टोर्वाल्ड मला घेऊन उतरला. त्याने पाती टेकवली, लेम्पीने दांडा बसवला आणि वर्षभराने मी पुन्हा अख्खा झालो. दोघांनी मिळून फिरवले. पाच इंचांपर्यंत भुसभुशीत पांढरा चुरा आला. मग तीन इंच काळा, कडक. मग पाणी.

"आठ," लेम्पी म्हणाली.

टोर्वाल्ड भोकाकडे बघत राहिला. "पांढरा निम्मा धरायचा," तो हळूच म्हणाला. "साडेपाच."

पाणी भोकात थांबले नाही. काठावरून वर आले आणि त्यांच्या बुटांकडे पसरू लागले. गाडीच्या वजनाने सगळा बर्फ खाली बसत होता.

"टोर," लेम्पी म्हणाली, "किल्ली राहू दे. चल."

काठावर पोचेपर्यंत कुणी मागे पाहिले नाही. सिरीचा हात लेम्पीच्या हातात होता आणि मी टोर्वाल्डच्या खांद्यावर. काठावरून पाहिले तेव्हा गाडीची मागची चाके गेली होती. मग बसायची जागा गेली, जिथे दहा मिनिटांपूर्वी सिरी होती. टोर्वाल्ड हिमात खाली बसला.

तो म्हणाला, "एका हिवाळ्यावरून हवामान ठरत नाही."

"नाही ठरत," लेम्पी म्हणाली. "मी तरी कुठं म्हटलं? ऊठ, आकडा लिहू. आणि आयनोबद्दल बोलले ते चुकलं माझं."

त्याचे मत बदलले का, असे तुम्ही विचाराल. थोडेसे. तापते आहे, हे तो आता मानतो. माणसामुळे किती, यावर अजून सुपाची वाटी थंड होईपर्यंत भांडतो. लेम्पी त्याला वायूंचे गणित ऐकवते, तो तिला खडकांचे. पण त्या संध्याकाळी दोघांनी मिळून माझा दांडा आणि पाती सिरीला दिली. कुणी कुणाशी बोलत नसले तरी मोजायचे थांबू नये म्हणून.

सिरी आता चौदा वर्षांची आहे. यंदा एक जानेवारीला ती मला घेऊन धक्क्यावर आली, मागून काठी टेकत ते दोघे. तळ्याच्या मध्यावर उघडे पाणी हलत होते. तिला खाली उतरू दिले नाही. धक्क्यावर पालथी पडून तिने मला खाली टेकवले आणि एकच फेरा दिला. एका फेऱ्यात माझी पाती पाण्यात गेली.

तिने मान वळवून विचारले, "भिंतीवर काय लिहू?"

मित्रांनो, मला जपा, पात्यांना तेल लावा, हे तर मी सांगणारच. त्याहून इतकेच सांगतो, की मत कुठलेही असो, आधी मिळून मोजा. दांडा रागाने आपल्या घरात ठेवून घेऊ नका. इतकी वर्षे त्या दोघांच्या भांडणाला मी कंटाळलो होतो. पण त्या सकाळी सिरीने विचारले, तेव्हा दोघेही शास्त्रज्ञ एकमेकांकडे बघत गप्प उभे राहिले, आणि ते पुन्हा भांडावेत असे मला फार फार वाटले.