स्वतःची हॅट घालून आलेला माणूस

"थांबव. मागे घे. अजून थोडं," असं म्हणत वहिनी खुर्ची ओढून पडद्याला नाक लागेल इतकी पुढे सरकली.

संकलकाने चित्र मागे नेलं. ओला रस्ता, उंच इमारत आणि तिच्या पायथ्याशी कोटाची कॉलर वर करून भिंतीला टेकलेला एवढासा नायक. त्याच्या समोरून हॅट घातलेला एक म्हातारा आला. चालता चालता त्याने मान वर करून कुठेतरी बघितलं आणि तो चौकटीबाहेर निघून गेला.

"हे काका कोण?" वहिनीने विचारलं.

"मला काय विचारतेस? शूटिंगला तू होतीस. मी या खोलीतून बाहेर तरी पडलोय का?"

संकलक तिचा सख्खा धाकटा दीर. तो वहिनी म्हणतो म्हणून सगळं युनिट तिला वहिनी म्हणायला लागलं होतं, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा कॅमेरामनसुद्धा. तिचं काम कंटिन्युइटीचं. कालच्या दृश्यात नायकाच्या टायची गाठ कशी होती, सिगारेट किती जळली होती, पेला कुठल्या हातात होता, हे वहीत टिपून ठेवायचं आणि आज ते तसंच आहे ना ते बघायचं. या कामाला तीक्ष्ण डोळे लागतात आणि थोडा खडूसपणा लागतो. तिच्याकडे दोन्ही भरपूर होतं.

चित्रपट कटकारस्थानाचा होता. एका कचेरीतला टाइपिस्ट ज्यांच्या नावाची पत्रं टाइप करतो ती माणसं एकेक करून नाहीशी होतात, आणि एक दिवस त्याच्यासमोर स्वतःच्याच नावाचं पत्र येतं. सगळं काळं-पांढरं, जिकडे तिकडे सावल्या. लोक याला शैली म्हणतील अशी दिग्दर्शकाला आशा होती. खरं सांगायचं तर मिळालेल्या खोल्यांच्या भिंतींचे रंग बघवत नव्हते. पाऊस बागेच्या नळीतून पडला होता आणि धुकं किटलीतून निघालं होतं. संघटनेच्या क्रूर प्रमुखाची भूमिका दिग्दर्शकाच्या सासऱ्यांनी केली होती आणि त्यांना त्यासाठी फारसा अभिनय करावा लागला नव्हता. रस्त्यावरची गर्दी म्हणून ज्याने त्याने आपापले नातेवाईक आणले होते. एकाने हॅट घालून नाक्यापर्यंत चालायचं, तिथे ती काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची. हॅट एकूण तीनच होत्या, आणि त्या तिन्ही वहिनीला पाठ होत्या.

म्हाताऱ्याच्या डोक्यावरची हॅट त्या तिन्हींपैकी नव्हती.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण एका महोत्सवाने चित्रपट निवडला होता आणि महोत्सवाच्या वकिलाने अट घातली होती. ज्याचा ज्याचा चेहरा ओळखू येतो, त्या प्रत्येकाचं सही केलेलं संमतीपत्र शुक्रवार संध्याकाळपर्यंत पोचलं पाहिजे, नाहीतर चित्रपट बाद. आज सोमवार. संमतीपत्रांचं कामही वहिनीच्याच गळ्यात पडलं होतं. चेहरे एकोणचाळीस होते आणि सह्या अडतीस.

तिने फोन लावायला सुरुवात केली. दिग्दर्शकाला इतके दिवस ते कॅमेरामनचे मामा वाटत होते. कॅमेरामनला ते नायकाचे वडील वाटत होते. नायक म्हणाला, "माझे वडील सहा फूट उंच आहेत, वहिनी. आणि ते तुमच्या त्या हॅटला हातसुद्धा लावणार नाहीत."

मग तिने आपली वही उघडली आणि ती गोरीमोरी झाली. त्या गल्लीत सात दिवस शूटिंग झालं होतं आणि सातही दिवसांच्या पानांवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: हॅटवाले काका, बॅग डाव्या हातात.

तिला सगळं आठवलं. तिसऱ्या दिवशी हे काका बॅग उजव्या हातात घेऊन आले, तेव्हा ती धावत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली होती. "काका, काल बॅग डाव्या हातात होती," असं तिने चांगलं ठणकावून सांगितलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, "बरं" म्हणाले आणि हात बदलून चालू लागले.

"म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या माणसाला तू कंटिन्युइटी शिकवलीस?" दीर पोट धरून हसायला लागला.

"हस तू. आता सही कोणाची आणणार?"

"कापून टाकू त्यांना."

पण ते जमणार नव्हतं. सातही शॉट चित्रपटाच्या ऐन मध्यावर होते आणि दिग्दर्शकाचा नेमका त्यांच्यावरच जीव जडला होता. "तो माणूस मान वर करतो ना, तिथे अंगावर काटा येतो. काय बघत असेल तो?" असं तो ज्याला त्याला विचारत सुटला होता. आता ते वहिनीलाही वाटायला लागलं. काय बघत असतील?

मंगळवारी साडेपाचला ती त्या गल्लीत जाऊन उभी राहिली, कारण शूटिंगच्या वेळी ते याच सुमाराला यायचे. सहा वाजले तरी कोणी आलं नाही. समोरच्या लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवून तिला स्टूल दिलं.

"हॅटवाल्यांना शोधताय? एवढ्यात कसे येतील? तुम्ही ते पाऊस पाडत होता तेव्हा दिवस लहान होते. ते दिवे लागायच्या वेळेला येतात."

"कोणाकडे येतात?"

"कोणाकडेच नाही. येतात, वर बघतात, जातात. मी विचारलं नाही. आपल्याला काय करायचंय?"

वहिनीला मात्र बरंच काही करायचं होतं. तीन महिने कारस्थानी चित्रपटात घालवल्यावर माणसाच्या डोक्यात दुसरं येणार तरी काय? हेर असतील, निवृत्त पोलीस असतील, कोणाच्या तरी मागावर असतील. स्टुलावर बसल्या बसल्या तिने तीन गोष्टी रचून मोडल्या. पावणेसातला एकेक खिडकी उजळू लागली आणि कोपऱ्यावरून ते आले. हॅट तीच होती. बॅग डाव्या हातात होती. त्यांनी तिला लगेच ओळखलं.

"बरोबर आहे ना?" बॅग किंचित उचलून त्यांनी विचारलं.

वहिनीला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. तिने माफी मागितली, सगळं सांगितलं, संमतीपत्र पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"मला नाही जमायचं."

"काका, नुसती सही करायची आहे. तुम्ही छान दिसताय त्यात."

"दिसतोय, तीच तर अडचण आहे." लॉन्ड्रीवाला कपडे मोजायच्या निमित्ताने आत गेला. काका तिच्या शेजारच्या बाकावर बसले. "तिसऱ्या मजल्यावर, डावीकडून दुसरी खिडकी. माझी मुलगी राहते. तिने चित्रपट पाहिला तर तिला कळेल, मी रोज येतो म्हणून."

"तिला माहीत नाही?"

"तीन वर्षं झाली, आम्ही बोलत नाही. तिची आई आजारी होती तेव्हा ही शिकायला लांब होती, शेवटची परीक्षा चालू होती. तिला काही कळवायचं नाही असं आम्ही ठरवलं. रोज फोनवर खोटं बोलायचो, आई बाजारात गेलीय, आई झोपलीय. ती आली तेव्हा उशीर झाला होता. म्हणाली, तुम्ही मला आईला भेटू दिलं नाहीत."

"तुम्ही दोघांनी ठरवलं होतं ना? मग तिला तसं सांगायचं."

"शपथ तिच्या आईनेच घातली होती. पण गेलेल्या माणसावर ढकलायचं कसं?" त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. "दिवा दिसला की कळतं, घरी पोचली. एकदाच वर बघतो आणि पुढे जातो. मागे वळून कधी बघत नाही. वळून बघितलं तर पाळत ठेवल्यासारखं होईल, आणि तेवढाही हक्क मला आता नाही. तुमची मात्र पंचाईत झाली, वाईट वाटतं."

ते उठले, वर एकदा बघितलं आणि गेले. वहिनीला आग्रह करण्याचा धीर झाला नाही. घरी जाईपर्यंत तिच्या डोळ्यांना सारखं पाणी येत होतं आणि त्याचा तिला रागही येत होता, कारण शुक्रवार काही पुढे जाणार नव्हता.

बुधवारी सकाळीच ती दिराच्या खोलीत येऊन बसली. "न कापलेलं सगळं काढ. काका नसलेला एखादा टेक तरी सापडेलच."

कट म्हटल्यावरही कॅमेरा बंद न करण्याची कॅमेरामनला खोड होती. पूर्वी कधीतरी एका नटीचं सगळ्यात गोड हसू कटनंतर आलं आणि त्याच्या हातून निसटलं, तेव्हापासून तो मनातल्या मनात दहा आकडे मोजल्याशिवाय हात काढत नसे. दीर त्या तुकड्यांना शेपूट म्हणायचा आणि सगळ्यात आधी तेच छाटायचा. वहिनीनेही ते कधी पाहिले नव्हते. कट झाला की ती मान खाली घालून लिहायला लागायची.

दुपारी ती शेपटं बघत होती. कट म्हटल्यावर नायक पाठ खाजवतो, कोणीतरी नळी गुंडाळायला लागतं. काका चौकटीतून केव्हाच गेलेले. आणि वर, तिसऱ्या मजल्यावर, डावीकडून दुसऱ्या खिडकीचा पडदा सरकतो. एक बाई पुढे येते. तिची मान, काका ज्या बाजूला गेले त्या बाजूला हळूहळू वळत जाते. मग पडदा पडतो.

वहिनीने दुसऱ्या दिवसाचं शेपूट लावायला सांगितलं, मग तिसऱ्या दिवसाचं. सगळीकडे तेच. पाचव्या दिवशी तर बाईच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता, केस पुसता पुसता धावत आल्यासारखा. सहाव्या दिवशी काका उशिरा आले होते. त्या दिवशी त्यांच्या आधीच एक टेक झाला होता, अगदी स्वच्छ, वहिनीला हवा होता तसाच. त्यात पडदा पहिल्यापासून बाजूला केलेला होता आणि बाई कोपऱ्याकडे डोळे लावून उभी होती.

"हा चालेल," दीर म्हणाला. "हाच सगळीकडे फिरवून वापरू. वरची ती बाई अंधारात काही कळत नाही, तिची सही नको. सुटलो."

"नाही," वहिनी म्हणाली. "हे सगळं माझ्या लॅपटॉपवर घालून दे."

"अगं, शुक्रवार..."

"घालून दे म्हणते ना."

गुरुवारी लॉन्ड्रीवाल्याने काउंटरवरचे शर्ट बाजूला सारून लॅपटॉपला जागा करून दिली. काका आले, तेव्हा वहिनीने काही समजावून सांगितलं नाही. "दोन मिनिटं बघा," एवढंच म्हणाली.

त्यांनी पहिला शॉट स्वतःकडे बघत पाहिला, लोक बघतात तसा थोडा लाजत. मग पडदा सरकला. ते पुढे झुकले. दुसरा, तिसरा. पाचव्याला त्यांच्या तोंडून "ओल्या केसांनी" असं काहीतरी निघालं, रागावल्यासारखं. सहाव्याला त्यांनी स्वतःच बटण शोधून चित्र थांबवलं. खिडकीत उभी असलेली बाई लॅपटॉपवर तशीच राहिली. लॉन्ड्रीवाला इस्त्री हातात धरून उभा होता आणि एका शर्टाची बाही करपल्याचा वास सुटला होता.

"हे पुन्हा एकदा लावता?" ते म्हणाले.

तिने लावलं. संपल्यावर त्यांनी खिशातून पेन काढलं, संमतीपत्र मागून घेतलं आणि काउंटरवर ठेवून सावकाश सही केली. वहिनीने ते पिशवीत ठेवलं आणि तसलाच दुसरा कागद बाहेर काढला.

"हा कोणाचा?"

"खिडकीतल्या बाईंचा. चेहरा दिसतो म्हटल्यावर त्यांचीही सही लागते." थाप मारायची सवय नसल्यामुळे ती जरा घाईनेच बोलली. "माझी काही ओळख नाही. तुम्हीच वर जाऊन आणाल का?"

"नियमच आहे का तसा?"

"नियमच आहे."

त्यांनी कागदाची घडी घातली, परत उघडली, परत घातली. मग रस्ता ओलांडून ते इमारतीच्या दाराशी गेले, तिथे हॅट काढली, केसांवरून हात फिरवला आणि आत गेले.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. दीर होता.

"मिळाली का सही?"

"एक मिळाली. एक यायची आहे. असं कर, सातव्या शॉटला शेपूट जोड."

"किती?"

"पडदा पडेपर्यंत. आणि जरा उजळ कर. ती बाई ओळखू आली पाहिजे."

"वेड लागलंय का तुला? ओळखू आली तर तिची सही लागेल! आणि दिग्दर्शक विचारेल, ही कोण?"

"सांग, कारस्थानात तीही सामील होती."

"वहिनी, उद्या शुक्रवार आहे. अजून किती वेळ लागेल?"

वहिनीने समोर बघितलं. काका वर गेल्याला पाऊण तास होऊन गेला होता. लॉन्ड्रीवाला दुकान बंद करायचं सोडून तिच्या शेजारी स्टुलावर येऊन बसला होता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "लागू दे."