ताईला न चालणाऱ्या गोष्टी

“बाबा, मशरूम कट,” मुलगी म्हणाली. ती स्टुलावर उभी होती. ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर तिचं बोट होतं. “नववा नंबर. मशरूम नको, कुठल्याच रूपात.”

“मला वाटलं, फक्त भाजी नको असेल. भरलेले पण?”

“कुठल्याच रूपात म्हणजे भरलेले पण. आईचं अक्षर आहे, मी नाही लिहिलं.”

मी हातातली पिशवी खाली ठेवली. मशरूमचं पाकीट त्यातच होतं. मी लिफ्ट दुरुस्त करतो. एका हॉटेलची सामानाची लिफ्ट माझ्याकडे आहे, तिथल्या आचाऱ्याला मी विचारलं होतं की जेवणाआधी द्यायला असं काय करावं, जे करायला सोपं आणि दिसायला भारी. तो म्हणाला, मशरूमचे देठ काढ, आत चीज आणि पावाचा चुरा भर, पंधरा मिनिटं ओव्हनमध्ये ठेव, तुलासुद्धा जमेल. मला मशरूम आवडतात. लग्नाला अठरा वर्षं झाली, तेव्हापासून दर शनिवारी मी एक पाकीट घरी आणतो.

कागदावर वर लिहिलं होतं, ‘ताईला न चालणाऱ्या गोष्टी’. खाली बावीस नंबर. ताई म्हणजे बायकोची मोठी बहीण. मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त आहेत. वर्षातून तीन-चारदा आमच्याकडे जेवायला यायच्या, आणि त्या येणार असल्या की बायको हा कागद बघून स्वयंपाक ठरवायची.

“कच्चा कांदा नको. तळलेलं नको. दातात अडकणारं नको. वर शोभेला टाकलेलं काही नको. गार काही नको,” मुलगी वाचत गेली. “बाबा, उरलं काय? पाणी?”

“गार नको म्हटलंय.”

“मग कोमट पाणी.”

हसू कोणालाच आलं नाही. पुढच्या रविवारी ताई कशासाठी येणार हे दोघांनाही माहीत होतं. फोनवर त्या म्हणाल्या होत्या, “पोरीला माझ्याकडे न्यायचं आणि पुढच्या वर्षी तिथल्या शाळेत घालायचं म्हणतेय. फॉर्म घेऊन येते. आधी जेवते, घर कसं चाललंय ते बघते, मग तुम्ही सही करा.” मी ‘हो, या’ म्हणालो. ताईंसमोर ‘हो’च्या पुढे मला कधी बोलताच आलेलं नाही.

बायको जाऊन सात महिने झाले होते. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये ताई मला एकच वाक्य बोलल्या होत्या. “वर्षभर तिचं जेवण कमी होत होतं, रोज तुमच्यासमोर बसून, आणि तुम्हाला कळलं नाही?” मला खरंच कळलं नव्हतं. ती ‘पोट भरलं’ म्हणायची आणि मी मान हलवायचो.

दुसऱ्या दिवशी आचाऱ्याला यादी सांगितली. तो म्हणाला, “पाहुणी आहे की परीक्षा? लाल भोपळ्याचं सूप कर. भोपळा उकडू नको, भाज. वाटून गाळून घे. आणि वाट्या गरम कर. सूप सगळेच गरम देतात, वाटी कोणी गरम देत नाही. पाहुणी तिथंच गार.”

सोमवारी भोपळा करपला. बुधवारच्या सुपात दोरे राहिले, ते दातात अडकले. शुक्रवारी मी तीनदा गाळलं. मुलीनं चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाली, “पास.”

रविवारी संध्याकाळी सातला बेल वाजली. ताईंनी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच घर बघून घेतलं.

“पडदे धुतलेले दिसतायत.”

“हो,” मी म्हणालो.

“मी येणार म्हणून?”

“हो.”

“नाही मावशी, आम्ही दर महिन्याला धुतो,” मुलगी म्हणाली.

“दोघांपैकी एकानं तरी खरं बोलावं,” ताई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. पर्स त्यांनी टेबलावर ठेवली. फॉर्मचा कोपरा पर्समधून बाहेर डोकावत होता.

मी फडक्यानं धरून वाट्या आणल्या. ताईंचं बोट वाटीला लागलं आणि त्यांनी ते झटकन मागे घेतलं.

“वाटी तापलीये.”

“तापवलीये.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

त्यांनी पहिला चमचा घेतला. लिफ्टमध्ये पूर्ण वजन भरून ब्रेक तपासतात, तेव्हा मी श्वास धरून उभा असतो. तसाच उभा होतो.

“गाळलंय नीट,” त्या म्हणाल्या. “पण वरून मिरपूड का नाही टाकली?”

“वर टाकलेलं काही चालत नाही ना तुम्हाला. यादीत आहे.”

“कसली यादी?”

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मग तिनंच उठून कपाटाचं दार उघडलं. ताईंनी चष्मा लावला आणि कागदासमोर उभ्या राहून वाचू लागल्या. थोड्या वेळानं येऊन पर्समधून पेन घेतलं आणि परत कागदापाशी जाऊन पेपर तपासावा तशा खुणा करू लागल्या.

“कच्चा कांदा, माझं. तळलेलं, माझं. गार काही नको? मी तर बर्फ घालून पाणी पिते. हे माझं नाही. वर टाकलेलं, हेही माझं नाही. मशरूम...” त्या थांबल्या. “मशरूम मला आवडतात. साय, माझं नाही.”

“मग कुणाचं?” मी विचारलं. विचारता विचारताच मला समजलं होतं.

“तिचं. लहानपणी मी सारखी आजारी असायचे. घरात ‘नको’ म्हणायची सूट मला एकटीलाच होती. तिला एखादी गोष्ट नको असली की ती सांगायची, ताईला चालत नाही. मग ती शिजायचीच नाही.” त्यांनी चष्मा काढला. “मला वाटलं, लग्नानंतर तरी हे थांबलं असेल.”

ताई येणार असल्या की शनिवारी बायकोचा मला कामावर फोन यायचा. ‘आज मशरूम नको हं, ताई येतेय.’ आवाजात आनंद असायचा. मला वाटायचं, बहीण येणार म्हणून.

“दर शनिवारी आणायचो,” मी म्हणालो. “अठरा वर्षं.”

“आणि ती खायची?”

मी हातातल्या फडक्याची घडी घालू लागलो.

“आई तिचे माझ्या ताटात टाकायची,” मुलगी हळूच म्हणाली. “बाबा टीव्हीकडे बघत असला की.”

ताई खुर्चीवर बसल्या. “तुम्ही माणूस वाईट नाही. मी तसं कधी म्हटलेलंही नाही. पण समोरचं माणूस काय खात नाही, ते तुम्हाला दिसत नाही. एकदा झालं. आता या पोरीच्या बाबतीत मी ते होऊ देणार नाही.” त्यांनी फॉर्म उलगडून माझ्या वाटीशेजारी ठेवला. वर पेन ठेवलं. “सही करा.”

मी पेन उचललं. मुलगी खाली मान घालून वाटीत चमचा फिरवत होती. मी पेन परत ठेवलं.

“ताई, हिला काय चालत नाही ते विचारा मला.”

“काय?”

“विचारा.”

“सांगा,” त्या म्हणाल्या. आवाज शाळेतला होता.

“उकडलेल्या अंड्यातलं पिवळं नको. नको म्हणत नाही, पावाखाली लपवते. दुधावर साय दिसली तर कप बदलून द्यावा लागतो. सफरचंद सोललं तर खात नाही, साल पाहिजे. वाटाणे मोजून सात खाते, मी बघतोय हे कळलं तर आठ. परीक्षेच्या दिवशी सकाळी काही उतरत नाही, तेव्हा डबा दुप्पट द्यायचा.” मी मुलीच्या वाटीकडे बघितलं. “आणि पोट भरलं म्हणाली की मी मान हलवत नाही. आधी ताट बघतो. सात महिने रोज बघतोय, ताई.”

“म्हणून टक लावून बसतोस होय!” मुलगी म्हणाली. “मला वाटायचं, तुला माझ्यातलं हवंय.”

ताई हसल्या नाहीत. त्यांनी उघड्या कपाटावरच्या कागदाकडे बघितलं.

“सूप आहे अजून?” त्यांनी विचारलं.

मी भांडं आणलं. चटके बसत होते. खाली ठेवायला काही आणायचं विसरलो होतो, म्हणून टेबलापाशी तसाच उभा राहिलो. ताईंनी पेन पर्समध्ये टाकलं, फॉर्मच्या चार घड्या केल्या आणि टेबलाच्या मधोमध सरकवला.

“ठेवा त्यावर,” त्या म्हणाल्या. “टेबलाला डाग पडेल.”

जाताना दारात त्यांनी मुलीच्या गालावरून हात फिरवला. चपला घालता घालता मला म्हणाल्या, “पुढच्या खेपेला मशरूम केलेत तरी चालतील. मला चालतात.”

शनिवारी कामावरून येताना बाजारात गेलो. भाजीवालीनं मला लांबूनच बघून पाकीट काढून ठेवलं होतं.

“आज अगदी पांढरेशुभ्र आलेत, दादा.”

“नको,” मी म्हणालो. “बायकोला चालत नाहीत.”

बायको गेल्याचं तिला माहीत होतं. तिनं पाकीट परत जागेवर ठेवलं. मी सफरचंदं घेतली. एकेक फिरवून, सालीवर डाग नाही ना ते बघून.