बहिऱ्याचं पाणी

"वहिनी, माझ्या वाफ्यात पाणी कुठंय?" असं ओरडतच वांगीवाला पंपघरात शिरला. मी दारापाशी पोत्यावर टेकलो होतो. वहिनींनी त्याच्याकडं बघितलंही नाही. काळ्या पडद्यावरच्या हिरव्या आकड्यांवर नुसतं बोट ठेवलं.

"तुमची पाळी सव्वादहाला संपली."

"मधी वीस मिनिटं वीज गेली होती, त्याचं काय? ती माझ्या बापानं घालवली?"

"ते याला विचारा."

वांगीवाल्यानं खरंच कॉम्प्युटरकडं तोंड केलं आणि त्याला चांगल्या ठेवणीतल्या दोन शिव्या घातल्या. कॉम्प्युटर घुर्र करत राहिला. बाहेर खट्ट करून पुढचा व्हॉल्व्ह उघडला आणि पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं. वांगीवाला पाय आपटत निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी वहिनींशी हसून बोलला. त्याचं भांडण वहिनींशी नव्हतंच मुळी.

वहिनी म्हणजे आमच्या पंपघरातल्या बाई, सगळ्या गावाच्याच वहिनी. नवरा ट्रकवर, महिन्यातनं दोनदा घरी दिसणार. धाकटा दीर पाणी संस्थेचा अध्यक्ष आणि सगळं घर एकत्र. तळ्यातलं पाणी सोळा रानांना पाळीनं जायचं, आणि कुणाला किती ते हा कॉम्प्युटर ठरवायचा. त्याला बसवून अठ्ठावीस वर्षं झाली होती. त्याचं झाकण कधीच काढून ठेवलेलं, आतल्या तारांवर टेबलफॅन सोडलेला, कारण त्याचा स्वतःचा पंखा केव्हाच गेला होता. वीज गेली की गडी तारीख विसरायचा. मग वहिनी फ्लॉपी सरकवायच्या, तो शिंकल्यासारखा आवाज करून जागा व्हायचा, आणि वहिनी त्याला आज काय वार, किती तारीख ते सांगायच्या. गावानं त्याचं नाव बहिऱ्या ठेवलं होतं. कुणाचंच ऐकायचा नाही.

अध्यक्षांना हेच सलायचं. अख्खं गाव त्यांचं ऐकायचं, तालुक्याचं ऑफिस ऐकायचं, आणि हा पत्र्याचा डबा ऐकत नव्हता.

"वहिनी, वरच्या रानात ऊस माना टाकतोय. आपलं तीन तासाचं चार तास करा की."

"मला काय, भावजी! पण वेळा बदलायची रीत ज्याला माहीत तो इंजिनियर परदेशी गेला. मी हात लावला आणि हे कायमचं बसलं, तर सोळा रानं कोरडी."

अध्यक्ष मिशी ओढत परत जायचे. बहिऱ्याला ना भाऊबंद, ना मतदानाचा हक्क. त्याच्यावर दाब टाकायचा तरी कुठनं?

शेवटी त्यांनी ऑफिसात अर्ज दिला आणि नवा कॉम्प्युटर आला. पांढराशुभ्र, वहीएवढ्या जाडीचा, फोनवरनं चालणारा. मंडप टाकला, फीत कापली, अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "आजपासून गाव पुढं जाणार!" गाव होतं तिथंच राहिलं, पाणी तेवढं पुढं गेलं, अध्यक्षांच्या उसात. बहिऱ्याला भंगाराच्या यादीत चढवून खताच्या शेडमध्ये टाकला. व्हॉल्व्हची हातानं फिरवायची जुनी चाकंसुद्धा काढून विकली. आता कोण हात काळे करणार?

अध्यक्ष घरी बाजेवर पडून अंगठ्यानं पाणी सोडायला लागले. त्यांचे तीन तास चार झाले, चाराचे पाच. जादा पाणी दिसल्यावर त्यांनी पडीक तुकड्यातही ऊस लावला. माझं रान पाटाच्या शेवटी. माझ्याकडं पाणी पोचायचं ते ओठ ओले करण्यापुरतं. ऊन असं की सकाळी नऊलाच ढेकूळ हातात धरवेना. भेगांमध्ये टाच जायला लागली, मिरचीची फुलं गळून काळ्या मातीवर पडली. मी अध्यक्षांकडं गेलो.

"मी कुठं काय केलं?" ते म्हणाले. "सिस्टीम ठरवते. पिकाची तहान ओळखते ती."

"मग माझ्या मिरचीला तहान नाही?"

"तुझी मिरची सिस्टीममध्ये नीट भरली नसेल."

येताना पंपघरात डोकावलो. वहिनी नव्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसत होत्या, तेवढंच काम उरलं होतं. "काहीतरी करा की," मी म्हणालो.

"काय करू? मला आता कुणी विचारतच नाही."

बसवल्यापासनं तेराव्या दिवशी दुपारी नवा कॉम्प्युटर तापला आणि अडकला. पडद्यावर नुसतं एक गोल चाक फिरत राहिलं. सोळाही व्हॉल्व्ह बंद. अध्यक्षांनी कंपनीला फोन लावला. तिकडनं विचारणा झाली, नेटवर्क आहे का? मशीन थंड खोलीत ठेवलंय का? धूळ नाही ना? अध्यक्षांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर नुसती धूळच होती. माणूस बारा दिवसांनी येईल म्हणाले. बारा दिवसांत मिरची काय, बाभळ वाळली असती.

सगळे पंपघरापुढं जमले. वांगीवाला अध्यक्षांच्या अंगावर धावला, दोघांनी त्याला धरलं. तेव्हा वहिनी उंबऱ्यात आल्या. "भांडता कशाला? शेडमधनं बहिऱ्याला आणा."

हातगाडीवर घालून आणला. आत कोंबडीनं घर केलं होतं, दोन अंडी निघाली. सायकलच्या पंपानं फुंकर मारली, ब्रशनं तारा झाडल्या. फ्लॉपी वहिनींच्या ट्रंकेत कपड्यांच्या घडीत होती. पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा जळका वास आला. अध्यक्षच ओरडले, "जपून, वहिनी!" त्यांचा ऊस होता ना. तिसऱ्यांदा बहिऱ्या शिंकला आणि हिरवी अक्षरं उमटली. माणसं लग्नात हसावी तशी हसली.

"गर्दीनं तापेल," वहिनी म्हणाल्या. "सगळे बाहेर. फॅन धरायला एकजण थांबा."

मी थांबलो. वहिनींनी दार ओढून घेतलं आणि अक्षरं झिजलेल्या कीबोर्डवर त्यांची बोटं तांदूळ निवडावेत तशी चालायला लागली. सोळा ओळी आल्या. अध्यक्षांच्या ओळीतले तीन तास दीड झाले. माझे दोन होते, ते साडेतीन झाले. खाली लिहिलं, तेरा दिवस. जितके दिवस माझं पाणी तिकडं गेलं, तितकेच.

फॅन बाजूला करून मी पडद्याकडं वाकलो. "तुम्हाला येतं हे?"

"पहिल्या वर्षापासनं. तो इंजिनियर शिकवूनच गेला."

"आणि इतकी वर्षं..."

"दिराला तोंडावर नाही म्हणायचं आणि संध्याकाळी त्याच्याच पंक्तीला बसायचं. तुम्ही करून बघा एकदा," वहिनी म्हणाल्या. "फॅन नीट धरा, तारा तापल्यात."

मी नीट धरला. आजवर कुणाला बोललो नाही.

दीड तासाचं पाणी बघून अध्यक्ष विचारायला आले, तर वहिनींनी पडद्यावर बोट ठेवलं, "ते याला विचारा." तेरा दिवस भरले आणि वेळा मूळ जागी आल्या. कंपनीचा माणूस काही आला नाही. पुढच्या आठवड्यात ऑफिसातनं साहेब आले, नवा कॉम्प्युटर चालतो का ते बघायला. अध्यक्षांनी त्याच्यावर निळं कापड घातलं होतं. बंद पडला म्हणावं, तर धुळीत कुणी ठेवला याची चौकशी लागणार.

"चालतंय ना?" साहेबांनी विचारलं.

"एक नंबर!" अध्यक्ष म्हणाले. तेवढ्यात कोपऱ्यात बहिऱ्यानं घुर्र केलं आणि बाहेर खट्ट वाजलं.

"आणि हे जुनं कशाला ठेवलंय?"

अध्यक्ष निळं कापड सारखं करायला लागले. वहिनी म्हणाल्या, "नव्याला एकटं वाटू नये म्हणून, साहेब."

साहेब हसले, कागद पुढं केला. अध्यक्षांनी सही ठोकली. महिन्यानं संस्थेला आधुनिक व्यवस्थेबद्दल प्रशस्तिपत्र आलं, अध्यक्षांचा फोटोही छापून आला.

मिरचीनं पुन्हा फूल धरलं. मी दोन तोडे केले, वांगीवाल्याचंही बरं झालं. पाच तासांच्या भरवशावर लावलेला अध्यक्षांचा जादा ऊस मात्र गुडघ्याएवढा होऊन तिथंच वाळला. ते रोज बांधावर उभे राहून त्याच्याकडं बघायचे. नवा कॉम्प्युटर दुरुस्त करून मागावा, तर तो उत्तम चालतोय, असं त्यांच्याच सहीनं ऑफिसात पडलेलं.