पिवळ्या पिंपाला वळसा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला तळ्याची किळस पहिल्या दिवसापासूनच यायची. काठाशी पायाखाली गिळगिळीत गाळ, आणि घोटभर पाणी पोटात गेलं तर दिवसभर ढेकरातून शेवाळाचा वास. पण त्याहून किळस गटातल्या माणसांची. पाण्यात उतरण्याआधी ती गॉगलमध्ये थुंकायची, अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी वेटसूटमध्येच मोकळी व्हायची, आणि वर ते एकमेकांना खिदळत सांगायची. "ऊब राहते त्यानं," असं कातडीचा डॉक्टर म्हणायचा. कातडीचा डॉक्टर!

तरी तो जायचा, कारण गट भाऊजींचा होता. भाऊजी जिम चालवत आणि दर रविवारी सकाळी बारा जणांना तळ्यावर आणत. आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं. तिन्हींची शर्यत दीड महिन्यावर आली होती. पोट सुटलंय, जरा हलव, म्हणून ताईनं त्याला गळ घातली होती. आणि खरं सांगायचं तर पोहणं त्याला आवडायला लागलं होतं.

गटाचा नियम एकच होता. जोडीनं पोहायचं, आणि जोडीदार दिसेनासा झाला की थांबायचं. त्याला हा नियम मनापासून पटायचा. कामावर त्याचा सोबती लिफ्टच्या टपावर चढलेला असला, की वरून त्याची हाक आल्याशिवाय तो बटणाला हात लावत नसे. एकवीस वर्षांत एकदाही नाही.

तळ्यात त्याची जोडी मास्तरांशी होती. मास्तर पोस्टातून निवृत्त झालेले, चौसष्टीचे, काटकुळे आणि गटात सगळ्यांत हळू. घरी एकटेच असायचे. रविवारची वाट ते सोमवारपासून पाहायचे.

त्या रविवारी भाऊजींनी जाहीर केलं, "आज मधल्या तरंगत्या पिवळ्या पिंपाला वळसा घालून यायचं. घड्याळ लावून. शर्यतीला सहाच जण नेणार."

शिट्टी वाजली तसे बाराही जण एकदम पाण्यात घुसले. "मास्तर, या तुम्ही सावकाश," असं म्हणून तो पुढं सुटला. तेवढ्यानं आपण नियम पाळला, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

पण मास्तर त्या दिवशी जिवाच्या आकांतानं पोहत होते आणि पिंपापर्यंत त्याच्या पाठोपाठ आले. वळणावर ही गर्दी उसळली. कुणाचं कोपर, कुणाची टाच, तोंडात फेस. तेवढ्यात त्याचा घोटा कुणीतरी धरला. पाच बोटं, घट्ट आवळलेली. कोण आहे हे त्याला कळलं आणि आधारासाठी धरलंय हेही कळलं. त्यानं पाय आखडून मागं लाथ घातली. टाच मऊ कशावर तरी बसली आणि पकड सुटली.

मग तो पुढं पोहला. वीस हात, पंचवीस हात. आपण चौथे आहोत, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आणि अचानक तो पाण्यातच ओकला आणि मागं वळला.

मास्तर पिंपाची दोरी धरून लोंबकळत होते. नाकातून रक्त येत होतं, खोकला थांबत नव्हता. डॉक्टर शेजारून पोहत चालला होता. "डॉक्टर, हात द्या!" तो ओरडला. डॉक्टरनं मान वर केली, दोघांना नीट पाहिलं आणि पुन्हा तोंड पाण्यात घातलं.

मास्तरांना उताणं करून, काखेत धरून काठाला आणायला त्याला पाव तास लागला. भाऊजींनी आधी घड्याळाकडे पाहिलं. "काय रे, चौथा होतास की!"

डॉक्टरनं मास्तरांचं नाक दोन हात लांबूनच तपासलं. "काही नाही. जरा पाणी गेलंय." मग रक्त पुसून मास्तरांना मागच्या रांगेत उभं केलं आणि फोटो काढला. दुपारी फोनवर गटाच्या चॅटमध्ये तो फोटो आला. 'आजचा सराव झकास!' खाली अंगठ्यांची रांग. त्यात एक मास्तरांचाही होता.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. भाऊजी सोफ्यावर पाय चोळत बसले होते.

"मास्तरांना माझी लाथ बसली," तो म्हणाला.

"पाण्यात बसतेच रे."

"बसली नाही. मी मारली. मुद्दाम."

ताईनं उठून दार लोटलं. भाऊजी म्हणाले, "हे कुठं बोलू नकोस. मास्तरांना मी कमी करतो."

"त्यांना? त्यांनी काय केलं?"

"हळू आहेत. उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात येईल."

"जेवून जा," ताई म्हणाली. तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी काम संपवून तो मास्तरांकडे गेला. एक खोली, एक पलंग. न्हाणीघराच्या दारावर वेटसूट टांगलेला, खाली बादलीत थेंब पडत होते. खोलीभर तळ्याचाच वास. मास्तरांचं नाक सुजून निळं झालं होतं. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे मला," मास्तर म्हणाले. "तीन महिने तुझ्या तळपायांच्या मागं पोहतोय मी. ओळखणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर मलाच काढलं असतं. मी गप्प बसलो, तर तू जाऊन बोललास. सकाळी फोन आला, येऊ नका म्हणून." त्यांचा आवाज चढला. "कशाला आलास इथं? तुला हलकं वाटावं म्हणूनच ना?"

तो जायला वळला, तसे मास्तर म्हणाले,

"आता एक कर. भाऊजींकडे माझ्यासाठी शब्द टाक."

त्यानं टाकला. मनातून जळफळत, पण हात जोडून टाकला. भाऊजींनी बरेच आढेवेढे घेतले आणि मग मास्तरांना परत घेतलं. पाण्यात मात्र उतरायचं नाही.

पुढच्या रविवारी तो तळ्यावर पोचला तेव्हा मास्तर काठावर गळ्यात शिट्टी अडकवून उभे होते. खांद्यावर सगळ्यांचे टॉवेल होते. डॉक्टरनं मोजे काढून त्यांच्या हातात कोंबले आणि काहीतरी विनोद केला. मास्तर सगळ्यांच्या आधी हसले.

तो जवळ गेला. "मास्तर, टाका ते सगळं खाली. चला, आपण दोघंच काठाकाठानं पोहू."

"आज नको रे. यांच्या वेळा लिहायच्यात." मास्तरांनी वहीवरून मान वर केली नाही. "भाऊजींनी तुझं नाव ठेवलंय सहांत. जा, उतर लवकर."

वेटसूट कमरेपर्यंत चढवला होता, तो त्यानं सोलून काढला. किळस मास्तरांची, डॉक्टरची की स्वतःची, ते त्याला सांगता आलं नसतं.

"माझं नाव खोडा," तो म्हणाला.

"का? आता काय झालं?"

"खोडा, मास्तर."

मास्तरांनी वहीत रेघ मारली, खालचं सातव्याचं नाव वर चढवलं आणि जोरात शिट्टी फुंकली.