शिशाचा मणी आणि आगपेटीची काडी

मित्रांनो, बोराएवढा, करड्या रंगाचा, मधून आरपार भोक असलेला मणी कधी हातात आला तर फेकू नका. तो कदाचित मी असेन. शिशाचा आहे, म्हणून तोंडात मात्र घालू नका.

माझा जन्म खानदेशात, तापीच्या काठचा. हिलालबाबा भोई यांनी चुलीवर शिसं वितळवून मातीच्या साच्यात मला ओतलं. मग माझ्यासारख्या कितीतरी भावंडांसोबत फेकजाळ्याच्या काठाला बांधलं. जाळं पाण्यावर फुलासारखं उघडायचं आणि आम्ही सगळे एकदम तळाशी बसायचो. बाबा रोज एकेक मणी ओढून बघत. एखादा ढिला निघाला तर कपाळाला आठी पडे. काठ उचलला गेला की मासा खालून निसटतो. म्हणून भोयाच्या घरात ढिला मणी म्हणजे लाज. त्यांच्या मुलाला, लोटूला, त्यांनी हेच शिकवलं होतं.

पुढे लोटू पोटासाठी सुरतेला आला. नवागामच्या एका खोलीत बायको सुंदरा, दोन पत्र्याच्या पेट्या आणि माळ्यावर जाळं. दिवसभर लूमचा खडखडाट, अंगाला तेलाचा वास. नदी तीच, तापीच. पण तिच्याकडे जायला लोटूला सवड नव्हती. बाबांनी जाळं त्याला देताना सांगितलं होतं, “महिन्यातून एकदा तरी ऊन दाखव रे.” ते राहूनच गेलं. एका दिवाळीला सुंदरानं जाळं खाली ओढलं, तेव्हा तिच्या हातात नुसत्या चिंध्या आल्या. उंदरांनी घर केलं होतं. लोटूनं एकट्या मला उचलून खिशात टाकलं. गावी गेल्यावर मात्र सांगून आला, “जाळं चांगलं आहे, बाबा.”

नंतर सुट्टीच्या दिवशी नदीवर जायला त्यानं गळ हाती धरला. फूटपाथवर मुलांना घाबरवायला मऊ प्लास्टिकची गांडुळं मिळत, तसलं एक आणलं. गळाचं टोक त्याच्या अंगात लपवलं, वर दोरीत मला ओवलं. आणि माझ्या भोकात आगपेटीची काडी ठोकून मला गांडुळाच्या डोक्याशी घट्ट बसवलं. भोयाचा मणी ढिला कसा चालेल?

सुंदरा गळवाल्यांची, गळानंच मासे धरणाऱ्यांची मुलगी. एकदा काठावर ती हळूच म्हणाली, “अहो, ती काडी काढून बघा की.”

“जाळ्याच्या घरात गळ शिकवू नकोस,” तो खेकसला. शेजारी बसलेला छगन, त्याच्याच खात्यातला कामगार, फिदीफिदी हसला. त्या दिवशीही मासा मिळाला नाही.

असं चाललं असताना हिलालबाबा सुरतेला आले. दाराशीच म्हणाले, “पोरा, तुना हातना मासा खाईसन मगच गावले जासू.”

लोटूच्या तोंडचं पाणी पळालं. सुट्टीच्या दिवशी तो एकटाच नदीवर गेला. गांडुळाला टक्कर बसे, दोरी थरथरे आणि लगेच सैल पडे. मासा तोंड लावायचा, माझं ओझं त्याला जाणवायचं, की थुंकून टाकायचा. रिकाम्या हातांनी परतताना लोटू बाजारात शिरला.

“ताजी छे, काका, हमणां ज आवी!” म्हणत विकणारीनं बर्फाच्या पेटीतली ‘आत्ताच आलेली’ खाजरी मासळी पुढे केली.

लोटूनं ती घरी नेऊन, आपणच धरली म्हणून बाबांपुढे ठेवली. बाबांनी खाजरी पहिल्यांदाच पाहिली. वरच्या तापीत ती नसते. रुपेरी पाठीवरून त्यांनी हात फिरवला, गालफड उघडून आत बोट घातलं.

“छान शे,” ते म्हणाले. “हाऊ मासा बर्फमा पोहत व्हता का रे, भाऊ?”

चुलीपाशी सुंदराचा हात थांबला. लोटूला वाटलं, धरणी फाटावी. खिशात मीही थिजलो.

“मी आज डाळच खातो,” बाबा शांतपणे म्हणाले. “सकाळी मी पण येतो नदीवर.”

सकाळी तिघंही काठावर बसले. समुद्र जवळ, त्यामुळे नदीलाही ओहोटी लागली होती, समोर मोकळा, गवत नसलेला तळ. बाबांनी मला बोटांत धरलं आणि ओळखलं. आपल्या हातचं ओतकाम माणूस विसरतो का? पण जाळ्याचं काहीच विचारलं नाही. मला ओढून पाहत म्हणाले, “घट्ट आहे. एवढं तरी ध्यानात ठेवलंस.”

ते शब्द लोटूला थपडेसारखे लागले.

दोरी पाण्यात गेली. टक्कर बसली, सैल पडली. पुन्हा बसली, पुन्हा सैल. “मासा सोडस का बरं?” बाबा पुटपुटले. सुंदरानं पदर तोंडाशी धरला होता. ती माहेरचं गाणं स्वतःशीच गुणगुणली:

मणी शिशाचा गं बाई
शेवाळात धरा हात
मोकळ्या पाण्यात त्याला
जाऊ द्यावं गं निवांत

लोटूनं तिच्याकडे पाहिलं. मग बापाकडे. मग दोरी ओढून घेतली आणि बापाच्या देखत, दातांनी, ती काडी उपटून काढली.

“बाबा, ही मागेच सांगत होती,” तो म्हणाला. “मीच ऐकलं नाही.”

आयुष्यात पहिल्यांदा मी ढिला झालो. तळाच्या चिखलात निजून राहिलो आणि माझ्या पोटातून दोरी सरसर धावू लागली. मासा गांडूळ घेऊन चालला होता. मी कुठे आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. लोटूनं हिसका दिला.

खाजरी काठावर तडफडली तेव्हा बाबांनी तिच्या गालफडाला हात लावला. “ऊन शे, बर्फना नही,” एवढंच म्हणाले.

हुरूप येऊन लोटूनं दोरी जलपर्णीत टाकली. मी एका बाजूला बुडालो, गांडूळ दुसऱ्या बाजूला पानांवर लटकलं. सुंदरा खुदकन हसली. “अहो, इथं काडी लावायची! गवतातून मणी आणि गांडूळ, दोघांना बरोबर नको का जायला?”

दुपारी ताटं वाढली. मासा धरणाऱ्याला मुंडकं, हा भोयांचा रिवाज. सुंदरानं ते लोटूला वाढलं. त्यानं उचलून तिच्या ताटात ठेवलं. त्याची मान वर होत नव्हती.

“बाबा, जाळं उंदरांनी खाल्लं. मी कधी उघडून बघितलंच नाही.”

“माले पहिल्याच दिवशी समजनं,” बाबा म्हणाले. “तुना अंगले लूमना वास येस, पोरा. मासाना नही.” मग घास मोडत म्हणाले, “जेव. गार होई जाई.”

लोटू जेवला.

मित्रांनो, माळ्यावर ठेवलेल्या वस्तूला अधूनमधून ऊन दाखवा. तिच्यावर कुणाचे तरी हात झिजलेले असतात. कुणी काही सांगू पाहत असेल तर चारचौघांत त्याचं तोंड बंद करू नका. आणि माझ्यासारख्याला बांधण्याआधी एकदा समोरचं पाणी बघा.

मी अजून लोटूच्या खिशात असतो, काडीच्या शेजारी. जाळ्याची लाज त्याच्या मनातून पुरती गेलेली नाही, आणि जावी असं त्यालाही वाटत नाही. छगन बाजूला बसलेला असला तरी, दोरी टाकण्याआधी तो बायकोकडे वळून मोठ्यानं विचारतो,

“सुंदरा, काडी लावू की काढू?”